450 वॅटच्या एसएमपीएसवर आरटीएक्स 4060 : खरी मेख निघाली यूपीएसमध्ये

मागच्या नोंदीत जीटीएक्स 1650 हे जुनं ग्राफिक्स कार्ड काढून आरटीएक्स 4060 घ्यायचं नक्की झालं होतं आणि घोडं अडलं होतं एसएमपीएसपाशी, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी: नव्या कार्डाला तो पुरेल का? बाकी सामान जुनंच: रायझन 5 3600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 16 जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, एक हार्ड डिस्क. एसएमपीएस 2019 चा, 450 वॅटचा, ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा). कार्डाची कंपनी एनव्हीडिया यासाठी 550 वॅटचा एसएमपीएस सुचवते. लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या संगणक बाजारात, विचारलं तर उत्तर ठरलेलं, "साहेब, साडेसहाशेचा टाकून घ्या, टेन्शन नको."

हे 550 म्हणजे कार्ड खातं तेवढे वॅट नव्हेत. ते खातं 115. तुमच्या कॅबिनेटमध्ये कुठला प्रोसेसर आहे, एसएमपीएस कुठल्या दर्जाचा आहे, हे कंपनीला कळायला मार्ग नाही. म्हणून ती सगळ्यांना पुरेल असा सैल आकडा देते. दुकानदार त्यावर स्वतःचे शंभर चढवतो. त्याचंही चूक नाही, परत आलेला माल त्यालाच निस्तरावा लागतो.

तर कॅबिनेटचं दार काढलं आणि एसएमपीएसचा स्टिकर वाचला. त्यावरचे ठळक '450 वॅट' सोडून द्या, 12 व्होल्टची ओळ शोधा. माझ्याकडे तिथे 36 अँपिअर आहेत. 12 गुणिले 36, म्हणजे 432 वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः याच ओळीवर जगतात. कॅबिनेटसोबत येणाऱ्या '500 वॅट'च्या लोकल डब्यावर याच ओळीत कधी कधी 14-15 अँपिअर दिसतात, म्हणजे जेमतेम 180 वॅट. तसा डबा असेल तर हिशेब करत बसू नका, आधी तो बदला.

माझा हिशेब असा. 3600 चा टीडीपी (कंपनी छापते तो उष्णतेचा आकडा) 65 वॅट असला तरी प्रोसेसरच्या सॉकेटला 88 वॅटपर्यंत जातात; बोर्डावरच्या व्हीआरएमची, म्हणजे प्रोसेसरसाठी व्होल्टेज उतरवणाऱ्या भागाची, घट धरून 100. कार्डाचे 115, पण फॅक्टरी ओव्हरक्लॉक (कारखान्यातच वाढवलेला वेग) वगैरे असतं, म्हणून 130. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून 45. बेरीज 275. कार्डं क्षणभरासाठी ठरल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतात, तेही ध्यानात घेतलं. 4060 ला शंभरेक वॅटचा झटका आला तरी 375. पास.

आता कनेक्टर. कार्डाला बोर्डावरच्या स्लॉटमधून 75 वॅट मिळतात, 6-पिनमधून 75, 8-पिनमधून 150. माझ्या कार्डाला एक 8-पिन लागते आणि एसएमपीएसला 6+2 पिनांची (जोडून 8-पिन होणारी) एक केबल आहे, विषय संपला. ती नसती तर मी साटावरून, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या प्लगवरून, 8-पिन करणारा अडॅप्टर मुळीच लावला नसता. साटाच्या प्लगमध्ये 12 व्होल्टच्या 3 पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, सगळे मिळून 54 वॅट. त्यातून 150 ची अपेक्षा ठेवली की प्लग वितळतो. आणि मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसवाल्यांनो, दुसऱ्या एसएमपीएसची केबल 'बसते' म्हणून लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो.

पेपरक्लिपने दोन पिना जोडून एसएमपीएस एकटाच चालू करायची चाचणीही काहींनी सुचवली होती. तिने पंखा फिरतो एवढं कळतं. लोड आल्यावर काय होतं ते कळत नाही, आणि प्रश्न तर तोच आहे.

कार्ड बसवलं. बोर्डाचा स्लॉट जुन्या पीसीआयई 3.0 पिढीचा आणि कार्ड त्याच्या फक्त 8 लेन (डेटाच्या वाटा) वापरणारं, त्यामुळे वेगात थोडी घट असेल; खेळताना मला जाणवली नाही. भिंतीच्या सॉकेटला वॅटमीटर, रिकाम्या मोलेक्सच्या (जुन्या 4-पिन प्लगच्या) पिवळ्या-काळ्या तारांना 12 व्होल्ट मोजायला मल्टिमीटर. गेममध्ये भिंतीवर 220 च्या आसपास. ओसीसीटी या चाचणी सॉफ्टवेअरची पॉवर टेस्ट लावली, जी प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही एकाच वेळी पिळून काढते, तेव्हा 290. हे भिंतीवरचे आकडे आहेत. 85 टक्के कार्यक्षमता धरली तर एसएमपीएसवर प्रत्यक्ष भार 245 च्या जवळ. 12 व्होल्टच्या ओळीचा व्होल्टेज 12.08 वरून 11.93 वर आला. एटीएक्स या एसएमपीएसच्या मानकाला 11.4 पर्यंत चालतं. एसएमपीएस बदलत नाही.

यूपीएसचं मात्र अवघड आहे. तो 600 व्हीएचा, म्हणजे 360 वॅटचा. ओसीसीटीचे 290 आणि मॉनिटरचे 30 मिळून 320. आकड्यात बसतं, पण आत 12 व्होल्ट 7 एएचची एकच बॅटरी आहे. कागदावर 84 वॅट-तास, तेही हळूहळू काढले तर. गेमचे 220 आणि मॉनिटरचे 30 अशा 250 वॅटने उपसायला गेलं की निम्मेही हाती लागत नाहीत. गेम चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढला. संगणक रिस्टार्ट झाला नाही, ही जमेची बाजू. ॲक्टिव्ह पीएफसीवाले (आत वीज सुधारणारं सर्किट असलेले) एसएमपीएस या स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर कधी कधी बंद पडतात. पण लगेच बीप सुरू झाली आणि गेम सेव्ह करून बाहेर पडेपर्यंत बॅटरीने मान टाकली. 1650 असताना तीच बॅटरी आरामात शटडाउनपर्यंत न्यायची.

सध्या कार्ड अंडरव्होल्ट केलंय, म्हणजे त्याचा व्होल्टेज कमी केलाय. गेममध्ये ते 95 वॅटवर राहतं, फ्रेम रेटमध्ये फरक नगण्य. यूपीएसची नवी बॅटरी आली की हीच प्लग काढायची चाचणी पुन्हा घेणार. कुणी 3600 सोबत 1000 व्हीएचा यूपीएस वापरत असेल तर गेम चालू असताना किती मिनिटं मिळतात ते सांगा, मोठ्या यूपीएससाठी वाढीव पैसे घालायचे की नाही ते त्यावर ठरवेन.