थोर होण्यातली अडचण

लहानपणी मला थोर व्हायचं होतं, पण एक मोठी अडचण होती. आमच्या घरी वीज होती.

शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस म्हणून चरित्रं मिळायची, त्यांतला दिवा हमखास रस्त्यावरचा असायचा. 32 पानं, मधोमध दोन पिना, मुखपृष्ठावर फेटा नाहीतर पगडी आणि मागे उगवता सूर्य. पहिल्या पानावर गरिबी, तिसऱ्यावर 'लहानपणापासूनच कुशाग्र', आणि दहाव्या पानाच्या आत माणूस थोर होऊन मोकळा. लिंबू-चमच्यात दुसरा आलो तरी चरित्र, शुद्धलेखनात आलो तरी चरित्र. एक तर मला तीनदा मिळालं. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर स्पर्धेचं नाव तेवढं वेगळं.

साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत आमचं घर. वडील कारकून, पण दोन वेळची ददात नव्हती. मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलंच तर त्याला कारण मीच असायचो. थोर व्हायला लागणारं भांडवलच जवळ नव्हतं. शेवटी एका रात्री घरातला दिवा मालवून, पुस्तक घेऊन नगरपालिकेच्या खांबाखाली जाऊन बसलो. डासांनी फोडून काढलं. आई आली, बखोटीला धरून आत नेलं आणि म्हणाली, "मग बिल कशाला भरतोय आपण?" चरित्रांत अशी आई कधी नसते.

आमच्या मास्तरांनी एकदा यशवंतराव चव्हाणांची गोष्ट सांगितली. कराडच्या शाळेत गुरुजींनी विचारलं, कोण होणार? पोरांनी मोठमोठ्या पुढाऱ्यांची नावं लिहिली, आणि यशवंतरावांनी लिहिलं, मी यशवंतराव चव्हाण होणार. गोष्ट सांगून झाल्यावर मास्तरांनी आम्हालाही तोच प्रश्न घातला. अर्ध्या वर्गानं लिहिलं, मी यशवंतराव चव्हाण होणार. मास्तर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

हे सगळं परवा आठवलं ते भाच्यामुळे. तो सांगलीचा, चौथी संपवून सुट्टीत आमच्याकडे आलेला. मोबाइलवरून उठवायला म्हणून त्याला भिलारला नेलं. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकांची कपाटं आहेत. कुणाकडे कादंबऱ्या, कुणाकडे इतिहास, कुणाकडे चरित्रं. आपण परक्याच्या ओसरीवर बसून वाचायचं, आत कुकरची शिट्टी होते, कुणी हटकत नाही. भाच्यानं पोरांसाठीच्या चरित्रांचा गठ्ठा उतरवला आणि तासाभरात प्रश्नांना सुरुवात केली.

पहिला प्रश्न सावित्रीबाईंवर. त्या नायगावच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. शाळेत शिकवायला जाताना लोक शेण मारायचे, म्हणून त्या जास्तीची साडी बरोबर न्यायच्या, हे प्रत्येक पुस्तकात असतं. ह्यानं विचारलं, "मामा, रोज ती घाण साडी धुवायचं कोण?"

मी म्हटलं, त्याच धूत असतील.

"मग हे का नाही लिहिलं? तेच तर अवघड आहे."

दुसरा प्रश्न खाशाबा जाधवांवर. गोळेश्वरचे खाशाबा, 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ. पुस्तकात होतं की कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. भाच्याला पदकापेक्षा घराची काळजी. "सुटलं का घर?" पान उलटलं तर पुढे थेट मिरवणूक, बैलगाड्यांची. नशिबानं हे मला माहीत होतं. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्या केल्या आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं देणं फेडलं. हे ऐकल्यावर तो पुढे वाचायला लागला. तोवर पुस्तक बोटात धरून थांबला होता.

मला वाटतं आपण इथेच चुकतो. पोरांना स्फूर्ती द्यायची म्हणून लिहायला बसतो आणि पोरांना हवा असतो हिशेब. पैसे कुणी दिले, जेवले काय, झोपले कुठे. संपादक जागा वाचवायला नेमकं तेवढंच कापतो आणि 'अलौकिक', 'दैदीप्यमान' मात्र ठेवतो. इतिहासाच्या पुस्तकांत तर उद्गारचिन्हांचीच तटबंदी. आमच्या डोक्यावर अजिंक्यतारा उभा आहे. औरंगजेबानं 1699च्या डिसेंबरात वेढा घातला, प्रयागजी प्रभूंनी गड एप्रिलपर्यंत झुंजवला, सुरुंग उडाला तेव्हा बुरुजाचे दगड खुद्द मोगलांवरच कोसळले, हे पोरांना तोंडपाठ असतं. शेवटी गडावरचं धान्य संपलं म्हणून गड गेला, हे मात्र अर्ध्या ओळीत. तलवारीला चार पानं आणि ज्वारीला अर्धी ओळ! (उद्गारचिन्ह माझंही सुटलं. सवय.)

आईचं मत आणखी तिखट. कर्मवीर भाऊराव पाटलांचं छोटं चरित्र मी घरी आणलं होतं. बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, ही ओळ आईनं चष्मा पुढे-मागे करत दोनदा वाचली. "एवढीच?" म्हणाली. "अरे, त्या काळात बाईनं मंगळसूत्र काढायचं म्हणजे शेजारीपाजारी काय बोलले असतील. त्याचंच एक पुस्तक होईल."

भाच्याला जायच्या आदल्या दिवशी राजवाड्याकडे नेलं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल. 7 नोव्हेंबर 1900 रोजी इथे एका मुलाचं नाव पडलं, भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टरला 1914 क्रमांकापुढे सही. त्यानं बोटांवर मोजलं. "नऊ वर्षं आणि सात महिने म्हणजे माझ्याएवढेच." मग मी त्याला बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली आठवण सांगितली. वडील नोकरीला गोरेगावला, आपल्या खटाव तालुक्यातल्या. सुट्टीत पोरांना त्यांनी बोलावलं. नवे सदरे, झगमगत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे जोडे. पाडळीला आगगाडीत बसून पोरं मसूरला उतरली. न्यायला कुणी आलं नाही, कारण पत्र वडिलांच्या हातीच पडलं नव्हतं. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला, जात कळल्यावर मागे सरला. गाडीवाले येईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. डब्यात जेवण होतं, पण रात्री कुणी प्यायला पाणी देईना. तसेच उपाशी झोपले.

त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. मोती चौकापर्यंत गप्प चालला. कंदी पेढ्याच्या दुकानासमोर मी थांबलो तर म्हणाला, "मामा, डबा उघडला असेल का रे त्यांनी? की नुसता वास घेतला असेल?"

मी पेढे बांधून घेतले. दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी ताई आणि तो पॅसेंजरनं सांगलीला निघाले. सकाळपासून ऊन तापलं होतं, ताईनं पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या होत्या. मी स्टेशनवरून घरी येऊन जरा पडलो तोच फोन वाजला. मागे रूळांची खडखड मंदावत होती.

"मामा, मसूर आलं. फलाटावर नळ आहे."

"पाणी येतंय का बघ," मी म्हणालो.

"थांब, उतरून बघतो." मग ताईचा ओरडा, कुणाची तरी पिशवी, चणेवाला, आणि गाडीची शिट्टी.