आमची वाटचाल : ट्रकच्या ब्लॉकपासून हायड्रोजनच्या लायनरपर्यंत

भोसरी एमआयडीसीत बाबांनी बोअरिंग-होनिंगचा, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचं भोक मोठं करून आतून घासून नीट करण्याचा, गाळा सुरू केला, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले आणि शेतीपंपवाले. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा सांगाडा, यायचा, बोअर करायचा, ओव्हरसाइझ पिस्टन बसवून परत द्यायचा. डिझेल इंजिनाने थोडं वंगणतेल खाल्लं तरी कोणी हरकत घेत नसे. पुढे मी धंद्यात आलो, उभं होनिंग मशीन घेतलं, सीएनजी इंजिनांची कामं मिळाली. ती वर्षं बरी गेली.

2023 च्या जानेवारीत केंद्राने हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. 2025 च्या मार्चमध्ये टाटा मोटर्सचे हायड्रोजन ट्रक चाचणीसाठी रस्त्यावर उतरले. त्यांत इंजिनातच हायड्रोजन जाळणारेही होते. याच सुमारास आमच्याकडे चाचणी-इंजिनांचे लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) येऊ लागले, आणि सोबत येणाऱ्या इंजिनिअर मंडळींचं बोलणं फिरून फिरून तेलावरच यायचं.

हायड्रोजन आपोआप पेटायला साधारण 585 अंश सेल्सिअस लागतात. ठिणगी मात्र 0.02 मिलिज्यूलचीही पुरते; पेट्रोलला त्याच्या दहापट लागते. वंगणतेल कॉम्प्रेशनच्या उष्णतेतच पेट घेऊ शकतं. पिस्टनच्या वरच्या रिंगपाशी साचलेला तेलाचा बारीक थेंब आत उडाला, की प्लगच्या आधी तोच पेटतो आणि सगळा हायड्रोजन पेटवून देतो. हेच प्री-इग्निशन. अशा वेळी इनटेक व्हॉल्व्ह उघडा असेल तर ज्वाळा थेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत आणणाऱ्या नळ्यांमध्ये, शिरते. तेलातल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटची राख प्लगवर, व्हॉल्व्हवर बसून तापते, तीही पेटवायला पुरेशी. शिवाय पेट्रोलची ज्वाळा भिंतीपासून दोनेक मिलिमीटरवर विझते, हायड्रोजनची पाऊण मिलिमीटरच्याही आत पोचते, त्यामुळे लायनरवरची तेलाची फिल्मसुद्धा भाजून निघते.

म्हणजे भिंतीवर तेल किती राहतं यावर ज्वलन ठरायला लागलं, आणि ते ठरवतो होनिंगवाला. माझ्या मते या इंजिनाबद्दल बोलताना टाकी आणि इंजेक्टरइतकंच लक्ष लायनरकडे द्यायला हवं. होनिंगने भिंतीवर उमटणाऱ्या तिरक्या जाळीच्या, म्हणजे क्रॉस-हॅचच्या, रेघा खोल गेल्या तर तेल जास्त साठतं. फारच उथळ राहिल्या तर रिंग कोरडी घासते, चरे पडतात. म्हणून शिखरं कापून दऱ्या तेवढ्या ठेवणारं प्लॅटो होनिंग आम्ही करतो, आणि तेही डमी हेड प्लेट (हेड म्हणजे सिलिंडरचं झाकण, त्याच्या जागी लावायची प्लेट) बसवून, बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळून. हेड आवळलं की बोअर किंचित लंबगोल होतो. मोकळ्या ब्लॉकवर गोल काढलेला बोअर गाडीत गोल राहत नाही, आणि रिंगच्या फटीतून तेल वर चढतं.

पाण्याचंही सांगायला हवं. एक किलो हायड्रोजन जळला की नऊ किलो पाणी तयार होतं. त्यातलं काही ब्लो-बायबरोबर, म्हणजे रिंगच्या फटीतून निसटणाऱ्या गॅसबरोबर, खाली तेल असलेल्या क्रँककेसमध्ये उतरतं. अशा एका इंजिनाची तेलाची कॅप उघडून पाहिली, तर आतून चहावरच्या सायीसारखा पिवळट थर बसला होता. असं फेटलेलं तेल धड वंगण करत नाही, वर गंज चढवतं. रिंग नीट बसली तर गॅस कमी उतरतो, तेलही कमी चढतं. ब्रीदर (क्रँककेसमधला गॅस बाहेर काढणारी वाट) आणि तेलाची निवड हे इंजिनवाल्यांचं काम, बोअर आमचं.

आता प्रत्येक लायनरसोबत आम्ही पृष्ठभागाच्या मोजणीचा आलेख देतो. ट्रकवाल्यांचे ब्लॉक अजूनही येतात, त्यांनाही हीच प्लेट लावतो, जादा पैसे न घेता.