माती मोजण्याआधी यंत्र मोजा: फुगवण-दाबाचा माझा अनुभव

बेंटोनाइट या पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा फुगवण-दाब, म्हणजे तिला फुगू न देण्यासाठी लागणारा दाब, काढायचा होता. माती 20 मिलिमीटर उंचीच्या रिंगमध्ये दाबून बसवली, वर-खाली फिल्टर पेपर आणि सच्छिद्र दगड ठेवले, उंचीतला बारीक बदल काट्यानं दाखवणारा डायल गेज लावला. एका दुपारचं काम. त्यानंतरचे तीन आठवडे एका आकड्यापायी गेले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पद्धत स्थिर उंचीची: पाणी सोडलं की माती गेजला वर ढकलते, आपण वजन वाढवून काटा मूळ जागी आणायचा. काटा थांबला की तेव्हाचा दाब हा फुगवण-दाब. तीन नमुने केले, घनता तीच. दर वेळी दाब अपेक्षेपेक्षा बराच कमी. मी मातीवर संशय घेतला, ओलाव्यावर घेतला, पुन्हा नमुने बनवले. एकेका नमुन्यामागे किती दिवस थांबावं लागतं ते करणाऱ्यालाच कळतं!

चूक यंत्रात होती. वजन वाढलं की ओला फिल्टर पेपर चेपतो, सांधेही थोडे दबतात. गेज ते सगळं एकत्रच दाखवतो. काटा जागेवर दिसतो, पण जितकं यंत्र दबलं तितकी माती आत फुगलेली असते. आणि फुगायला जरा जागा मिळाली की दाब झपाट्यानं उतरतो. मातीऐवजी पोलादी चकती ठेवून, तेच ओले कागद लावून, प्रत्येक वजनाला गेज वाचला तेव्हा हे दिसलं. ही वाचनं पहिल्या दिवशीच घ्या, वजन चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा. दुरुस्ती धरून चौथा नमुना केला आणि आकडा वर आला. त्या दिवशी फार हलकं वाटलं.

पाण्याचं राहिलंच: ऊर्ध्वपातित पाणीच घ्या. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम मातीच्या सूक्ष्म थरांमधल्या सोडियमची जागा घेतं, फुगवण घटते. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट; त्याचं थरांतर (एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं अंतर, थराची जाडी धरून) कोरडं असताना साधारण 10 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), पाण्याचा एक थर शिरला की 12.5, दोन शिरले की 15; सगळा खेळ या फटीतला आहे. केओलिनाइट या दुसऱ्या माती-खनिजाचे थर हायड्रोजन बंधांनी घट्ट धरलेले, म्हणून ते फारसं फुगत नाही.

फुगू देऊन मग परत दाबायच्या पद्धतीत दाब सहसा जास्त येतो. दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

वजन उतरवताना प्रत्येक टप्प्याला 24 तासच थांबायचा नियम पाळून पुढे जाऊ नका. माझा काटा पाचव्या दिवशीही सरकत होता. सातव्या दिवशी थांबला, तेव्हाच मी पुढचं वजन काढलं.