बसऱ्याचे आबा

रविवार, रात्र

परवापासून मन थाऱ्यावर नाही. कारण सांगितलं तर हसतील सगळे. आबांचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं, पदक चांदीचं नाही.

बस, एवढंच. कोणी गेलं नाही, कोणाचं काही बुडालं नाही. अण्णांनी पदक माझ्याकडे दिलं ते मंडळाच्या स्मरणिकेसाठी फोटो काढायला. काळंमिट्ट झालं होतं, म्हटलं जरा उजळून घेऊ. चांदीला लावतो तशी टूथ पावडर लावून घासलं तर खालून तांबूस रंग. पुसलं, पुन्हा घासलं. तांबूसच. मग चिंच लावली तर लखलखलं मेलं! एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, टापांखाली ढाल आणि कवटी, शेजारी 1914 आणि 1918. आणि धारेवर, जिथे इतकी वर्षं मळ साचला होता, तिथे इंग्रजी अक्षरं. आधी ‘कुक’, मग आबांचं नाव, मग 110 मराठा एल.आय., म्हणजे लाइट इन्फन्ट्री, त्यांची पलटण.

शिपाई नाही, नाईक नाही, हवालदार तर नाहीच नाही.

रात्री जागून वाचत बसले. हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. साधारण 65 लाख काढली सरकारने, जवळजवळ सगळी चांदीची. बंदूक धरणाऱ्याला चांदी. मजूर, हमाल, भिश्ती, स्वयंपाकी, झाडूवाले यांना तेच पदक, तोच राजा, तोच घोडा, पण ब्राँझमध्ये. अशी 1,10,000 च्या आसपास. “म्हणजे आपलंच दुर्मीळ की,” दादा म्हणाला. त्याला प्रत्येक गोष्टीचा भाव आधी दिसतो. मग म्हणाला, फोटो पाठव, स्टेटसला ठेवतो. मी पाठवला. धारेचा नाही पाठवला.

मला वाईट का वाटावं? हेच कळत नाहीये. आणि वाईट वाटलं याचंच जास्त वाईट वाटतंय.

लहानपणापासून ऐकलंय, आबा तिकडे इराकात, बसऱ्याला तुर्कांशी लढले. गावात आमच्या घराला अजून बसऱ्याचं घर म्हणतात. अण्णा तर 26 जानेवारीला शाळेत दरवर्षी ती गोष्ट सांगतात, आणि दरवर्षी तुर्क थोडे वाढतात. त्या गोष्टीत आबांच्या खांद्यावर बंदूक असते. पातेलं कधीच नव्हतं. आता मी ते पातेलं त्यात कुठे ठेवू?

आणि शोधायचं काम माझ्याच गळ्यात का, हाही एक प्रश्न आहेच. बाकीच्यांना फोटो हवा, मजकूर हवा. कागदासाठी खेटे घालायचे मी, “एवढं जुनं आमच्याकडे नसतं” हे ऐकून घ्यायचं मी. पंजाबवाल्यांचं बरं. त्यांच्या 3,20,000 माणसांची गावनिहाय रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होती, 2021 पासून ती ऑनलाइन यायला लागली. गावाचं नाव टाका, पणजोबा काढा. आपल्याकडे? रत्नागिरी, सातारा, कोल्हापुरातून पलटणीच्या पलटणी गेल्या आणि आपल्याला मिळतात त्या आजीच्या गोष्टी.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव टाकून शोधता येतं, पण ती यादी मेलेल्यांची. आबा जिवंत परत आले, तोच त्यांचा गुन्हा झाला. बसऱ्याला मेले असते तर एका ओळीत सापडले असते. अर्थात दगडावर तेव्हाही नसते. बसऱ्याच्या स्मारकावर 40,000 च्या वर माणसांची आठवण ठेवलेली आहे, पण नावं कोरली ती गोऱ्यांची आणि आपल्यातल्या जमादार-सुभेदारांची. साध्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. शिपायाची ही तऱ्हा, मग लांगऱ्याला, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाक्याला, कोण विचारतो. आणि पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून भरती झालेल्या साधारण 14 लाखांत साडेपाच लाखांहून जास्त हे असेच होते, बिनबंदुकीचे.

हे वाचून थोडं बरं वाटलं. मग पुन्हा, बरं वाटायला आकडा लागतो का आपल्याला, असं झालं.

आज दुपारी इराकातल्याच कुतच्या वेढ्याबद्दल वाचत होते. 110 मराठा ही पलटण जनरल टाउनशेंडच्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. बगदाद घ्यायला निघाले, नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनला अडले, मागे हटत तैग्रिसच्या वळणावरच्या कुत गावात शिरले आणि 7 डिसेंबरला तुर्कांनी वेढलं. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. मध्ये जवळजवळ पाच महिने. आत शिपायांबरोबर साडेतीन हजारांच्या आसपास हिंदी नोकर-चाकर होते. आबा त्यांच्यात असणार, असं मला वाटतं, कारण आजी सांगायची, पणजीला तीन दिवाळ्या पत्र नव्हतं. युद्ध संपलं 1918 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. हिशेब जुळतो. म्हणजे पुढचंही सगळं आलं. रखरखीत वाळवंटातून चालवत नेणं, रास अल-ऐनची छावणी, तुर्कांच्या रेल्वेवर खडी फोडणं, वाटेत पटापट मरणारी माणसं. टाउनशेंडसाहेब तेव्हा इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात, पाहुणे म्हणून. असो.

पण मी अडकले ती वेढ्याच्या पाच महिन्यांत. स्वयंपाकी आणि शिजवायला काही नाही! पीठ संपत आलं. सातू होते, पण दळायचे कशावर? तेव्हा विमानातून जात्याचे दगड खाली टाकले. खरंच टाकले. पुढे एप्रिलमध्ये विमानातून पिठाची पोतीही टाकली, त्यातली काही नदीत पडली. घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी खाल्लं. आपल्या लोकांनी, हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही, कित्येक आठवडे तोंड लावलं नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या, तरी नाही. हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, तर माणसं रानातला पाला खुडून भाजी म्हणून शिजवायला लागली. त्यात काही विषारी निघाला. शेवटी एप्रिलमध्ये पुष्कळांनी घोडा खाल्ला.

तो पाला कोणी निवडला असेल? घोडा कोणी शिजवला असेल?

आजी आणखी एक गोष्ट सांगायची, अर्धीच. आबा परत आले त्यावर्षी गावाने त्यांना पंगतीला बसवलं नाही. का, विचारलं की म्हणायची, समुद्र ओलांडला म्हणून. पण गावातले आणखीही गेले होते की समुद्र ओलांडून. त्यांना बसवलं. आता ती नाही, नाहीतर पदक पुढे धरून विचारलं असतं. कदाचित नसतंच विचारलं.

संध्याकाळी भाजी निवडताना मात्र हसूच आलं एकदम. आमच्या घरातले सगळे पुरुष स्वयंपाक करतात. आजोबांनी लालबागला खाणावळ काढली. सप्ताहाची आमटी आमच्याच घराकडे. मंडळाच्या मटणाला अण्णा दोनशे माणसांचं मीठ हाताने टाकतात, कधी चुकलेलं नाही. दादा तेवढा मॅगीत अडकलाय. आमच्यात बंदूक कोणी हातात धरली नाही, पोलिसातसुद्धा कोणी गेलं नाही, आणि हे डोळ्यांसमोर असून आबा काय होते याचं आश्चर्य मला वाटतंय! वर, त्यांना पंगतीबाहेर ठेवणारं तेच गाव पुढे साठ वर्षं त्यांच्या घरचंच जेवलं.

तरीही, खरं सांगायचं तर, बंदूक असती तर आवडलं असतं. गेलं नाही ते पूर्ण. आता ते तसंच असू दे.

स्मरणिकेचा फॉर्म समोर आहे. ‘आमच्या गावचे वीर’. नाव, पलटण, हुद्दा, आणि ‘पराक्रम (50 शब्दांत)’. हुद्द्यापुढे लांगरी लिहिलं. पराक्रमापुढे जात्याचं आणि पाल्याचं लिहिलं, ते 80 शब्द झाले. कापले नाहीत, संपादकांनी कापावेत. घोड्याचं लिहिलं नाही.

अण्णांना अजून सांगायचंय. त्यांनी सोबत बंदुकीचं चित्र टाकायला सांगितलंय, ते नको, हेही. सकाळी नको, सकाळी ते बाजारात असतात. दुपारी तीनच्या सुमारास फोन करीन. अण्णा भरल्या पोटी जरा ऐकून घेतात.