आमची वाटचाल : प्लेटा आमच्या, उभारणी दुसऱ्याची

लातूर शहर, औसा, निलंगा आणि रेणापूर या पट्ट्यात सेंटरिंगचे, म्हणजे स्लॅब घट्ट होईपर्यंत त्याला खालून पेलणाऱ्या तात्पुरत्या मांडणीचे, ठेके घेणारी आणि सेंटरिंगचे साहित्य भाड्याने देणारी आमची पेढी किल्लारीच्या भूकंपानंतरच्या काळात उभी राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे माणसांच्या अंगावर कोसळली, आणि त्यानंतर आमच्या भागातल्या ज्याला-त्याला डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आणि कोपऱ्यांत कॉलम हवे झाले. मागणी एकदम वाढली, पण टेकू नीट लावू शकणारे हात मोजकेच होते. अनेक ठिकाणी कालपर्यंत शेतावर असलेला मजूर आज सेंटरिंग ठोकू लागला होता. आम्ही या धंद्यात उतरलो ते आमच्या पहिल्या भागीदारांच्या भरवशावर. ते सुतारकीतले होते आणि सगळे त्यांना मिस्त्री म्हणत.

मिस्त्रींची हत्यारे थोडीच होती : एक वाकस, एक हातकरवत, पितळी ओळंबा, आणि दोन टोकांना पाणी दिसेल अशी पारदर्शक नळी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी फसवते, म्हणून ती भरल्यावर दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते की नाही, हे ते दर वेळी तपासत. ओळंबा ते प्रत्येक बल्लीला, म्हणजे टेकूच्या लाकडी खांबाला, दोन बाजूंनी लावत, कारण एका बाजूने सरळ दिसणारी बल्ली दुसऱ्या बाजूने कलती असू शकते. त्या वेळी सगळे काम निलगिरीच्या बल्ल्यांवर चाले. लोखंडी जॅक, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे टेकू, आमच्याकडे बऱ्याच उशिरा आले. बल्ली निवडताना ती दोन्ही बाजूंनी न्याहाळून बाकदार निघाली, की मिस्त्री तिचे लगेच दोन तुकडे करीत, म्हणजे पुन्हा कोणी ती टेकू म्हणून उचलणार नाही. लाकडाचे नुकसान होते म्हणून आम्ही कुरकुर करीत असू, पण त्यांनी ती सवय शेवटपर्यंत सोडली नाही.

मधली वर्षे सरळ गेली. दिवाळीनंतर कामे लागत, मृग जवळ आला की सर्वांना स्लॅबची घाई होई, साहित्य वाढत गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. लिहायचे आहे ते त्या पोर्चबद्दल, ज्याने आमची पेढी जवळजवळ बंद पाडली.

शहराबाहेर एका मंगल कार्यालयाचे काम निघाले होते. समोरच्या पोर्चची उंची अठरा फूट होती, म्हणजे घराच्या स्लॅबच्या जवळपास दुप्पट. आम्ही दर दिला. त्यात बल्ल्यांना दोन पातळ्यांवर आडव्या पट्ट्या, दोन्ही दिशांनी कैच्या (तिरक्या पट्ट्या), पायाखाली मुरूम दाबून फळ्या, आणि उभ्या राहिलेल्या कॉलमांना सगळी मांडणी बांधणे, हे सारे धरलेले होते. दुसऱ्या एका ठेकेदाराने चौरस फुटामागे आमच्यापेक्षा कमी दर दिला आणि काम त्याला गेले. त्याच्याकडे प्लेटा, म्हणजे काँक्रीटखाली अंथरायचे लोखंडी पत्रे, अपुऱ्या होत्या, म्हणून त्याने त्या आमच्याकडून भाड्याने नेल्या. धंद्यात असे चालतेच. आमच्या प्लेटांच्या कडांना पिवळा पट्टा आणि पेढीचे आद्याक्षर रंगवलेले असते.

स्लॅब भरता भरता तो पोर्च खाली आला. दोन मजूर जखमी झाले आणि त्यांतल्या एकाचा पाय कायमचा अधू झाला. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात जो फोटो आला, त्यात ओल्या काँक्रीटच्या ढिगातून वर आलेली आमची पिवळ्या पट्ट्याची प्लेट स्पष्ट दिसत होती. ठेकेदाराने सगळीकडे सांगितले की भाड्याने आणलेल्या प्लेटा गंजलेल्या होत्या आणि त्या फाटल्या. प्लेटा मुद्देमाल म्हणून जप्त झाल्या, भाडे बुडाले, बँकेचे हप्ते थांबले नाहीत, आणि ठरलेली कामे एकामागून एक दुसरीकडे गेली.

ढिगारा हलवला गेला तेव्हा मिस्त्री आणि आम्ही तिथे उभे होतो. एकही प्लेट फाटलेली नव्हती. काहींच्या कडा वाकल्या होत्या, त्या पडल्यामुळे. बल्ल्या मात्र जोड होत्या : दोन तुकडे एकमेकांना लावून, एका बाजूला एकच पट्टी ठोकून अठरा फूट उंची गाठलेली होती. मध्ये एकही आडवी पट्टी नव्हती. कैची औषधालाही सापडली नाही. पाय विटांवर टेकले होते, विटा नव्या भरावावर होत्या, आणि भरावात काळी माती होती. शेजारच्या कॉलमांवर मारलेले पाणी दोन दिवस तिथेच मुरत होते. आपल्याकडची काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते. ओली झाली की ती फुगते, मऊ पडते आणि पायाखालून निघून जाते. हे मराठवाड्यात कोणालाही नव्याने सांगावे लागू नये, तरी दर पावसाळ्यात सांगावे लागते.

हिशेब साधा आहे. पाच इंची स्लॅबचे वजन, सळईसकट, चौरस फुटाला सुमारे तीस किलो भरते. हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे जवळपास तीस टन ओझे, आणि पहिल्या दिवशी ते स्वतःला किंचितही पेलत नाही. तीन-तीन फुटांवर टेकू असेल तर प्रत्येकावर नऊ चौरस फुटांचे काँक्रीट येते, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास. माणसे, प्लेटा आणि व्हायब्रेटरचा हादरा त्याहून वेगळा. मजुरांनी काँक्रीट पसरवायचा कंटाळा करून दोन फुटांचा ढीग एका जागी केला, तर तिथे हिशेबातल्या काँक्रीटच्या पाचपट वजन बसते. त्या पोर्चमध्ये बीमच्या तोंडाशी असाच ढीग झाला होता, हे वर काम करणाऱ्यांनीच सांगितले. दुसरी गोष्ट उंचीची. बारीक टेकूची मोकळी उंची दुप्पट झाली की वाकण्यापूर्वी तो पेलू शकणारा भार निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. मध्यावर दोन्ही दिशांनी आडवी पट्टी बांधून ती कॉलमला जखडली, की तीच बल्ली पुन्हा चौपट भार घेते. त्या पट्टीचा खर्च सगळ्या कामात नगण्य असतो. तरीही दर कमी करायचा म्हटले की सर्वांत आधी तीच जाते, कारण स्लॅब भरल्यावर ती कोणाला दिसत नाही.

हे आम्ही ज्याला-त्याला सांगत फिरलो. ऐकून घेतले ते मार्केट यार्डातल्या एका आडत व्यापाऱ्याने. शेठजी शिकलेले फार नव्हते, पण तूर आणि सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या त्यांनी आयुष्यभर लावल्या होत्या. ते म्हणाले, "थप्पी वरून पडत नाही, खालचं पोतं सरकलं की पडते. तुमच्या प्लेटा तर वरचं पोतं आहेत." त्यांच्या नव्या गोदामाचा स्लॅब त्यांनी आम्हाला दिला आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली. त्यांच्या मुलांनी विरोध केला होता, हे आम्हाला नंतर कळले. त्या आगाऊ रकमेतून हप्ते भरले गेले म्हणून पेढी उरली. पुढे त्यांच्या घरातली सगळी बांधकामे आमच्याकडेच आली आणि शेठजींनी आमच्याशी दराची घासाघीस एकदाही केली नाही.

त्या ठेकेदाराने आपले शब्द कधी मागे घेतले नाहीत. प्लेटा परत मिळाल्या तेव्हा त्यांवर काँक्रीट चढून त्या निकामी झाल्या होत्या, आणि भाड्याची बाकी आजही आमच्या वहीत आहे. तो आजही कामे घेतो. आजही कोणी जुना माणूस भेटला की "तो पोर्च तुमचाच ना?" असे विचारतो, तेव्हा आम्ही थांबून सगळे पहिल्यापासून सांगतो.

तेव्हापासून पेढीचा एक नियम आहे : अकरा फुटांवरच्या कामाला आम्ही नुसते साहित्य भाड्याने देत नाही, उभारणी आमचीच असते. यामुळे बरीच गिऱ्हाइके गेली. जॅक देतानाही त्याची मूळ पिन साखळीने अडकवलेली असेल तरच तो गोडाऊनबाहेर पडतो. पिन हरवली की लोक तिच्या जागी सळईचा तुकडा किंवा मोठा खिळा घालतात, आणि हजार किलो पेलू शकणारा जॅक त्या तुकड्याच्या ताकदीवर उभा राहतो. घरमालकांनी स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी दर आणि सळई तपासण्यापेक्षा खाली वाकून टेकूंचे पाय तपासावेत. पाय फळीवर आहे का, फळी दाबलेल्या मुरमावर सपाट बसली आहे का, पाचरी जोडीने मारून खिळ्याने पक्क्या केल्या आहेत का, टेकू वरच्या आडव्या आधाराच्या रुंदीच्या बरोबर मध्याखाली आहे का, हे पाहायला इंजिनिअर लागत नाही. क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यासाठी मारलेले, पाणी टेकूंच्या पायाशी साचत असेल तर चर काढून द्यावा.

आता पंपाने काँक्रीट येते. ते झपाट्याने येते आणि नळीचा प्रत्येक धक्का सेंटरिंगला आडवा बसतो, म्हणून कैच्यांची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे, कमी झालेली नाही. भरताना आम्ही खालून ताणलेल्या दोरीशी जुळणाऱ्या खुणेच्या पट्ट्या प्लेटांना टांगतो आणि बाहेर उभा असलेला माणूस त्या पाहत राहतो. खूण खाली सरकली किंवा लाकूड करकरले, की आधी वरची माणसे उतरवायची. हातोडा घेऊन खाली धावायचे नाही. मिस्त्री हे सांगताना आवाज चढवत असत, एरवी ते कधी चढवत नसत.

सेंटरिंग काढण्याची घाई हा दुसरा रोग आहे. साहित्य अडकले की भाडे चढते, म्हणून मालक पाठी लागतो. काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक आयएस ४५६, त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस, तसेच सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस आणि पुढे २१ दिवस ठेवायला सांगितले आहे, आणि तेही साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी व हवा १५ अंशांपेक्षा थंड नसताना. बाजारात येणारे बहुतेक सिमेंट पीपीसी (राख मिसळलेले पोझोलाना सिमेंट) असते, ते सुरुवातीला ताकद हळू धरते. पाणी न मिळालेला स्लॅब तर त्याहून मागे पडतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते, तेव्हा क्युरिंगला पाणी मागायची लाज वाटे. त्या उन्हाळ्यात जी एक-दोन कामे चालू होती, त्यांखालचे टेकू आम्ही भाडे न लावता जास्त दिवस ठेवले.

शेठजींच्या थोरल्या नातवाच्या घराचा स्लॅब आम्ही गेल्या वर्षी भरला. दिवाणखान्याचा गाळा सोळा फुटांचा होता आणि बाहेर चार फुटांची गॅलरी. घरात लग्न होते, म्हणून खालची खोली लवकर मोकळी करून द्या, असे मुलीकडच्यांनी सुचवले. शेठजी आता थकले आहेत, पण त्यांनी खुर्चीतूनच सांगितले की मांडव बाहेर घाला, टेकू राहतील. चौदा दिवस पूर्ण झाल्यावर दिवाणखान्याचे टेकू मध्यापासून सुरू करून बीमकडे येत सोडवले, बीमखालचे तसेच राहू दिले, आणि गॅलरीचे सर्वांत शेवटी, टोकाकडून आत येत काढले.