नायट्रेटचा कागदी सेन्सर आणि रिपोर्टातला तो 9.6 : माझा अनुभव

बोअरच्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते गुलाबी छटेवरून दाखवणारं कागदी कार्ड मी घरी बनवलं. बनवायला तीन रविवार पुरले. ते बरोबर आहे हे ठरवायला पावणेदोन महिने गेले, आणि त्यातले बरेचसे सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी. नाव घेत नाही, पण चीड अजून गेलेली नाही.

बनवण्याचं आधी उरकतो. व्हॉटमन 1 नंबरचा फिल्टर पेपर घ्या, त्यावर मेणाच्या खडूने दोन्ही बाजूंनी 8 मिमीचे गोल गिरवा आणि बटर पेपरमध्ये ठेवून इस्त्री फिरवा. मेण आत उतरतं, पसरतं, मधे साधारण 6 मिमीचा कोरा गोल उरतो. 100 मिली कोमट डिस्टिल्ड पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड 6.3 ग्रॅम, सल्फानिलअमाइड 0.86 ग्रॅम आणि एनईडी 0.26 ग्रॅम विरघळवा; शेवटची दोन रसायनं मिळून नायट्राइटला गुलाबी रंग देतात. हे द्रावण गोलात सोडायचं, पण 3-4 मायक्रोलीटरच मावतं. ड्रॉपरचा एक थेंब त्याच्या दहापट असतो, तो मेण ओलांडून शेजारच्या गोलात शिरतो. मायक्रोपिपेट (इतकं थोडं द्रव मोजून सोडणारी नळी) उसनी आणा.

हा कागद नायट्राइट दाखवतो, नायट्रेट नाही. म्हणून आधी जस्ताने नायट्रेटचं नायट्राइट करून घ्यायचं: 5 मिली बोअरचं पाणी, 5 मिली डिस्टिल्ड, चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड आणि तांदळाच्या दाण्याएवढी जस्ताची पूड बाटलीत घालून घड्याळ लावून 2 मिनिटं हलवायचं. आपल्याकडचं जड पाणी आम्ल खाऊन टाकतं; अ‍ॅसिड विसरलात तर रंग फिका येतो. जास्त वेळ हलवलं तर जस्त नायट्राइटलाही पुढे अमोनियापर्यंत नेतं, तेव्हाही रंग फिकाच. वरचं नितळ पाणी गोलात सोडा, 10 मिनिटांनी गुलाबी छटा बघा. जस्ताशिवायचा एक गोल आधी करून ठेवावा, म्हणजे मुळातच नायट्राइट असेल तर ते कळतं.

आता खिडकी. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट 45 मिग्रॅ प्रति लीटरच्या आत हवं, त्यात सवलत नाही. माझं कार्ड एका बोअरला चाळिशीच्या थोडं वर दाखवत होतं. खातरजमेसाठी नमुना दिला. पहिल्यांदा परत, कारण अर्जात ‘तपासणीचा उद्देश’ रिकामा. दुसऱ्यांदा निर्जंतुक बाटली मागितली. ती जिवाणूंच्या तपासणीला लागते, रासायनिकला नवी स्वच्छ प्लॅस्टिकची चालते, हे मी सांगून पाहिलं; अर्ज दोन्हींना एकच, त्यामुळे खिडकीला फरक माहीत नव्हता. तिसऱ्यांदा घेतला. मग एकोणीस दिवस.

रिपोर्टात नायट्रेट 9.6, शेजारच्या रकान्यात मर्यादा 45, पुढे ‘योग्य’. मी कार्डाला दोष दिला. नवं द्रावण, नवा कागद, तिसरी बॅच. पुन्हा चाळिशीच.

शेवटी पोटॅशियम नायट्रेट 0.163 ग्रॅम (सराफाच्या काट्यावर) 1 लीटर डिस्टिल्डमध्ये विरघळवलं. ते झालं बरोबर 100 मिग्रॅ नायट्रेट. त्यातलं 450 मिली घेऊन 1 लीटर केलं, म्हणजे 45, आणि ‘बोअर क्रमांक दोन’ म्हणून तेच खिडकीत दिलं. फी परत भरली. उत्तर आलं 10.1.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. यंत्र आकडा नायट्रोजनमध्ये देत होतं, मर्यादा नायट्रेटमध्ये छापलेली होती. नायट्रेटचा रेणुभार 62, त्यातलं नायट्रोजन 14, म्हणून 4.43 ने गुणायचं. 10.1 चे 44.7. आणि माझ्या 9.6 चे साडेबेचाळीस! कार्ड पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. खिडकीवर तोंडी ‘हो, तसंच असतं’ म्हणाले. दुरुस्त रिपोर्टासाठी नवा अर्ज लागतो म्हणे. तो मी केला नाही. तुम्ही मात्र पैसे भरण्याआधीच विचारा: आकडा नायट्रोजन म्हणून की नायट्रेट म्हणून? आणि तसं रिपोर्टावर लिहून घ्या.

नमुना घेताना मोटर 5 मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत तापलेल्या बाटलीत जिवाणू नायट्रेट कमी-जास्त करतात.

राहिलंच: छटा जुळवून आकडा वाचायच्या रंगपट्टीसाठी लीटरला 0, 20, 45, 70, 100 मिग्रॅ नायट्रेट असलेल्या पाण्याचे गोल त्याच दिवशी, त्याच बॅचवर करा आणि ते पाणीही जस्ताच्या त्याच पायऱ्यांतून न्या. शून्यासाठी घरच्या आरओचं पाणी घेऊ नका. त्यातून नायट्रेट पूर्ण निघत नाही, माझा शून्याचा गोल गुलाबी झाला होता. पाणी उकळूनही ते जात नाही, उलट आटल्यावर वाढतं. बाटलीने दूध पिणारं बाळ घरात असेल तर त्या घरच्यांना हे आधी सांगा, नायट्रेटचा धोका अशा बाळांनाच जास्त.

कोरी कार्डं काळ्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, फ्रिजमध्ये. रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलेली चार कार्डं पाणी न लावताच गुलाबी झाली, गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडने.