छातीवरून सुटणारा बार

मंगळवार, रात्र

आज स्पीड बेंच, म्हणजे बाकावर पाठीवर झोपून छातीवरून बार वेगाने वर ढकलायचा सराव: ८७.५ किलोवर सहा सेट, प्रत्येकी तीन रेप्स (रेप म्हणजे बार एकदा खाली आणून वर नेणं). एका बाजूला २०, १०, २.५ आणि १.२५ अशा प्लेट्स. शेवटच्या सेटचा शेवटचा रेपसुद्धा छातीवरून झटक्यात सुटला, म्हणून जेवण व्हायच्या आधीच लिहायला बसलोय.

गेल्या वर्षी माझा स्पीड बेंच म्हणजे ६२.५ किलोवर नऊ सेट, तीन-तीन रेप्स, मध्ये जेमतेम मिनिटभर विश्रांती. माझा मॅक्स, म्हणजे एकदाच उचलता येणारं सर्वाधिक वजन, १२५; हे त्याच्या बरोब्बर निम्मं. ही पद्धत अमेरिकेत ओहायोतल्या वेस्टसाइड बार्बेल या जिमच्या लुई सिमन्स यांनी रुजवली. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांचे बरेच लिफ्टर बेंच शर्ट घालून उचलायचे, हे मी ध्यानातच घेतलं नव्हतं. तो शर्ट छातीपाशी ताणला जातो आणि बार खालून वर न्यायला मोठा हातभार लावतो. खरी झुंज वर असते, कोपर सरळ करताना. बार वर जाईल तसा भार वाढवणाऱ्या साखळ्या आणि रबरी बँड तिथे बरोबर जुळतात.

आम्हा क्लासिकवाल्यांच्या अंगात शर्ट नसतो. आम्ही अडकतो ते छातीच्या वर चार बोटांवर. स्पर्धेत माझे १२७.५ नेमके तिथेच थांबले. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. पाय घट्ट रोवलेले, श्वास धरलेला आणि बार जागचा हलत नव्हता.

६२.५ वर बार इतका उडायचा की वर पोचल्यावर प्लेट्स खणखणायच्या. तो आवाज मला ताकदीचा वाटायचा. पण हलका बार वरच्या टप्प्यात आपल्यालाच आवरावा लागतो, नाहीतर खांदे बाकावरून सुटतील. म्हणजे मी ढकलण्याइतकाच आवरण्याचाही सराव करत होतो. शिवाय बार खाली आला की छातीवरून उसळी घ्यायचो. स्पर्धेत बार छातीवर स्थिर झाल्याशिवाय रेफरी ‘प्रेस’ म्हणतच नाही, मग ती उसळी कुठून मिळणार?

म्हणून आता मॅक्सच्या ७० टक्के, आणि प्रत्येक रेपला छातीवर पूर्ण थांबा. दोन सेटमध्ये दोन मिनिटं. जड बेंच शनिवारी. टक्केवारीपेक्षा मला आता एकच गोष्ट मोलाची वाटते: कमांड मिळताच पहिल्या वीतभर अंतरात सगळा जोर लावायचा, वजन कितीही असो.

सेटचा व्हिडिओ मोबाइलवर घेतो आणि बार वर जायला किती फ्रेम लागल्या ते मोजतो. आज पहिला रेप २२ फ्रेममध्ये वर गेला, शेवटचा २५ मध्ये. २८ च्या पुढे गेला की त्या दिवसाचं स्पीडचं काम तिथेच बंद, असं ठरवलंय. दमल्यावर रेटलेला रेप स्पीडचा उरत नाही.

कमांड दादा देतो. चौथ्या सेटला त्याने मुद्दाम उशीर केला आणि मी आधीच ढकललं. “अरे, ऐक आधी! छातीवर आहेस तोवर तू माझा आहेस,” म्हणाला. पुढच्या रेपला थांबलो. पाठ बाकात रुतलेली, कोपर बारच्या बरोब्बर खाली, आणि ‘प्रेस’ ऐकताच बार निघाला. तोच आजचा सगळ्यात चांगला रेप.

पुढच्या मंगळवारी ९० किलो, पाच सेट. सगळ्याच रेप्सना कमांड उशिरा दे, असं दादाला सांगून आलोय.